उथळ तळ्यावर इनबोर्ड स्की-बोट: तळ बाहेरून लागतो, तसा आतूनही

अमेरिकेत मिनेसोटा-विस्कॉन्सिनकडे तळ्याकाठी घर झालं की एकदोन उन्हाळ्यांत स्की-बोटीचा विषय निघतोच. वॉटर-स्कीइंगचा जन्मही तिथलाच. १९२२ साली राल्फ सॅम्युएलसन लेक पेपिनवर पायाखाली दोन फळ्या घेऊन बोटीमागे उभा राहिला. लेक पेपिन म्हणजे मिसिसिपी नदीचाच फुगलेला भाग, भरपूर पाण्याचा. घरामागचं तळं मात्र बहुतेकदा तसं नसतं. मिनेसोटात कितीतरी तळ्यांना सगळ्यात खोल जागीही पंधरा फुटांच्या आतच पाणी असतं, आणि धक्क्यापासून तिथवर जायची वाट तीन-चार फुटांतून, वाळूवरून आणि पाणवेलींतून जाते.

इनबोर्ड स्की-बोट हर्णैच्या किंवा मिरकरवाड्याच्या तांडेलाला समजावून सांगावी लागणार नाही. इंजिन आत, तिरका शाफ्ट तळातून बाहेर, तळाखाली पंखा, त्यामागे सुकाणू. फरक दोन. हिचं इंजिन पेट्रोलचं आणि झाकणाखाली कोंडलेलं, म्हणून सुरू करण्याआधी चार मिनिटं ब्लोअर चालवून आतली पेट्रोलची वाफ बाहेर काढायचीच. दुसरा फरक असा की ओहोटीला वाळूवर बसलेला ट्रॉलर भरतीला सुटतो, तळ्याला भरती नाही. आउटबोर्डसारखा, म्हणजे इंजिन मागे बाहेर लटकवलेल्या बोटीसारखा, पंखा वर उचलायची सोय तर दोघांनाही नाही.

म्हणून इंजिनची ताकद विचारण्याआधी बोटीला किती पाणी लागतं ते विचारा. डायरेक्ट-ड्राइव्ह, म्हणजे इंजिन बरोबर मध्यावर असलेली १९-२० फुटी बोट उभी असताना साधारण २२ ते २४ इंच पाणी मागते. व्ही-ड्राइव्हमध्ये इंजिन मागच्या टोकाला उलटं बसवलेलं असतं, शाफ्ट पुढे जाऊन पुन्हा मागे वळतो. ही बोट मुळात जड, त्यात वेकबोर्डिंगसाठी, म्हणजे बोटीमागच्या मोठ्या लाटेवर एकाच फळीवरून खेळायच्या खेळासाठी, पाण्याच्या टाक्या भरून ती मुद्दाम बुडवतात. तिला अडीच फूट सहज लागतं, भरल्यावर त्याहून जास्त. बसायला जागा ऐसपैस म्हणून घरच्यांचं मन व्ही-ड्राइव्हवर जातं, विक्रेताही तीच पुढे करतो. उथळ तळ्यासाठी ती चुकीची बोट आहे. १९९० च्या दशकातली मास्टरक्राफ्ट प्रोस्टार १९०, स्की नॉटिक किंवा मालिबू रिस्पॉन्स यांपैकी धड अवस्थेतली एखादी घ्या. या हलक्या, लाट कमी उठवणाऱ्या आणि भाग सहज मिळणाऱ्या बोटी आहेत. धक्क्यापासून खोल पाण्यापर्यंत सलग तीन फूटही मिळत नसतील, तर इनबोर्डचा नाद सोडून आउटबोर्ड घेतलेली बरी.

हे तीन फूट कागदावरून ठरवू नका. मिनेसोटाच्या डीएनआर (नैसर्गिक संसाधन) खात्याचे तळ्यांचे खोली-नकाशे फुकट मिळतात, पण त्यातली कित्येक मोजमापं जुनी आहेत आणि वाळू तर दर वसंतात सरकते. ऑगस्टअखेरीस, पाणी उतरलेलं असताना, फूट-इंचाच्या खुणा केलेली काठी घेऊन वल्ह्याच्या होडीतून फिरा. धक्क्यापासून खोल पाण्यापर्यंत दर दहा पावलांवर मोजा आणि जीपीएसवर वाट नोंदवा. काठी टेकते तिथे तळ कसा आहे तेही पाहा. कडक वाळू पंखा वाकवते, मऊ गाळ इंजिनात शिरतो, आणि दगड असेल तर ती वाट बादच.

जुनी बोट बघताना इंजिन किती तास चाललं ते दाखवणाऱ्या अवर-मीटरपेक्षा बोटीखाली वाकण्यात वेळ घालवा. ट्रेलरवर गिअर न्यूट्रलला ठेवून पंखा हातानं फिरवा. स्ट्रटजवळ, म्हणजे तळाखाली शाफ्टला धरणाऱ्या टेकूजवळ, एक काडी चिकटवून प्रत्येक पात्याचं टोक तिच्यापासून सारख्याच अंतरावरून जातं का बघा. एक पातं लांबून गेलं तर पातं वाकलंय, आणि शाफ्टच लंगडत फिरताना दिसला तर खर्च मोठा. मग शाफ्ट वर-खाली हलवा. स्ट्रटमधलं रबरी बेअरिंग पाण्यावरच चालतं, त्या पाण्यात वाळू आली की ते कुरतडलं जातं. मिलिमीटरभराहून जास्त खेळ जाणवला तर बदलायचं. इंजिनखाली मध्यरेषेवर तीन छोटे पंख असतात, बोट सरळ धावावी म्हणून. त्यांच्या कडा घासलेल्या किंवा बुडाशी नव्यानं भरलेला फिलर दिसला तर त्या बोटीनं तळ चाखलेला आहे. शेवटी इंजिन-माउंटचे बोल्ट पान्यानं हलकेच आवळून पाहा. नुसतेच फिरत राहिले तर खालचं लाकूड कुजलंय, बोट सोडून द्या.

आता चालवण्याकडे. उथळ पाण्यात सगळ्यात वाईट वेग मधला असतो. पाणी जितकं कमी तितकी लाट सावकाश जाते, पाच फुटांत ताशी साधारण साडेआठ मैल, दहा फुटांत बारा. बोट त्याच वेगाच्या आसपास रेंगाळली की स्वतःच्याच लाटेवर चढत राहते. नाळ, म्हणजे बोटीचं पुढचं टोक, वर जाते, मागची बाजू खाली बसते, आणि उभी असताना दोन फूट मागणारी बोट चालताना त्याहून जास्त मागू लागते. शाफ्ट तिरका असल्यानं पंख्याचा झोत आधीच खाली झुकलेला, नाळ उचलली की तो सरळ तळ खणतो. म्हणून चार फुटांच्या आत फक्त निष्क्रिय वेग, म्हणजे थ्रॉटल न देता, इंजिन मिनिटाला ६००-७०० फेऱ्यांवर. पाच-सहा फूट आल्यावर थ्रॉटल एकदाच पुढे ढकलून बोट पाण्यावर आणायची. परत येताना वेग खोल पाण्यातच कमी करा, कारण थ्रॉटल सोडताच मागची बाजू खाली बसते आणि मागून आलेली स्वतःची लाट तिला ढकलते. स्कीअरला पाण्यातून उठवण्यात इंजिनचा सगळा जोर लागतो, म्हणून उचलायची जागा नेहमी तळ्यातली सगळ्यात खोल ठेवा, मग फेरी कितीही वाकडी होवो. ताशी तीस मैलांवरून दोन फूट पाण्यात पडणं हाडं मोडणारं असतं, हेही त्यामागचं कारण आहे.

थ्रॉटलशिवाय सुकाणूला जोर नाही, हे आउटबोर्डवरून येणाऱ्याला पचायला वेळ लागतो. पंख्याचा झोत सुकाणूवर आदळला तरच बोट वळते. रिव्हर्समध्ये तर सुकाणू जवळपास कामाचंच नाही, बोट पंख्याच्या फिरण्यानुसार ठरावीक बाजूला ओढली जाते. कोणत्या बाजूला ते मोकळ्या पाण्यात बघून ठेवा आणि धक्का त्याच अंगाला घ्या.

डेप्थ-साउंडर लावाच, पण तो काय सांगतो ते समजून. तो स्वतःच्या खालचं पाणी मोजतो, पंख्याखालचं नाही. पंखा त्याच्यापेक्षा जितका खाली, तेवढा फरक यंत्रात उणे घाला. सेन्सर पंख्याच्या पुढे, बिल्जमध्ये (बोटीच्या आतल्या तळाच्या पोकळीत) भरीव फायबरवर चिकटवा. मागच्या पाटीवर लावला तर बुडबुड्यांमुळे भलतेच आकडे दाखवतो. तो बोट आहे तिथलं पाणी दाखवतो, जिथे निघालीय तिथलं नाही, त्यामुळे काठीनं आखलेली वाट सुटत नाहीच.

एवढं सांभाळून तळ टळतो. पण पंखा टेकून झालेली खराबी दिसते तरी, तळ आत ओढला गेला तर कळायला उशीर होतो, आणि उथळ तळ्यांवर हेच जास्त वेळा होतं. या इंजिनांना थंड ठेवणारं पाणी तळ्यातलंच. बऱ्याच बोटींत ते तळातल्या भोकातून गिअरबॉक्सच्या ऑइल-कूलरमध्ये, तिथून रबरी इंपेलरच्या (पाती असलेल्या चाकाच्या) पंपात, मग इंजिनात आणि एक्झॉस्टवाटे बाहेर जातं. कूलरमधल्या नळ्या बारीक, त्यामुळे शेवाळ आणि पाणवेल पहिली तिथे अडकते. मिनेसोटातल्या लेक मिनेटोंकात १९८७ साली युरेशियन मिलफॉइल ही परकी पाणवेल सापडली. तिच्यासारखी तुकड्यातुकड्यांनी तरंगणारी वेल कूलरच्या तोंडावर चटई विणते.

गरम होण्याची तऱ्हा पाहिली की दुखणं कुठे आहे ते बहुधा कळतं. उभ्यानं तापमान ठीक आणि तीन हजार फेऱ्यांवर चढतंय, तर येणारी वाट तुंबलीय, कूलर किंवा मऊ पडून आत ओढला जाणारा होज. उभ्यानं गरम आणि पळताना ठीक, तर इंपेलर झिजलाय. एक्झॉस्टमधून पाणी उसळत नसेल तर काट्यावर विश्वास ठेवू नका. सेन्सरभोवती पाणीच उरलं नसेल तर काटा निवांत दिसतो आणि इंजिन भाजत असतं. लगेच बंद करा.

कूलर साफ करायला जास्तीत जास्त वीस मिनिटं लागतात. बोट पाण्यात असेल तर आधी तळाचा कॉक बंद करा. कॉक नसेल तर होज क्लॅम्पनं घट्ट दाबा, कारण तो पाण्याच्या पातळीखाली आहे, काढला तर बोट भरायला लागेल. कूलरच्या येणाऱ्या तोंडाचा होज काढा, लांब चोचीच्या पकडीनं गवत ओढा, उलट बाजूनं पाणी मारा. कायमचा उपाय म्हणजे तळ आणि कूलर यांच्यामध्ये पारदर्शक भांड्याचा स्ट्रेनर, म्हणजे गाळणी. तो बसवल्याशिवाय उथळ तळ्यात बोट उतरवूच नये.

इंपेलर दर हंगामाला नवा, कसाही दिसला तरी. बसवताना भांडी घासायच्या साबणाचं पाणी लावा, ग्रीस रबर खातं. पंपाच्या झाकणावर बोटानं जाणवणारी वर्तुळाकार चर पडली असेल तर ती वाळूची करामत. झाकण उलटून बसवता आलं तर बसवा, नाहीतर नवं घ्या. जुन्या इंपेलरची पाती मोजा. एक कमी असेल तर ती पुढे थर्मोस्टॅटपाशी कुठेतरी अडकलीय आणि ती शोधावीच लागते.

आता पंखा टेकलाच तर. इंजिन बंद करा, बिल्जमध्ये पाणी वाढतंय का बघा, कारण पंखांचे बोल्ट हलले की तिथून गळतं. मग निष्क्रिय वेगावर घेऊन पाय फरशीवर ठेवा. थरथर असेल तर वेग वाढवायचा नाही, वाकड्या पंख्यानं दहा मिनिटं पळवलं की स्ट्रटचं बेअरिंग आणि गिअरबॉक्सची सील दोन्ही जातात. इथे उथळ तळ्याचा एक फायदा मात्र आहे, छातीभर पाण्यात उभं राहून पंखा बदलता येतो. इंजिनची किल्ली खिशात टाका. कॉटर-पिन काढा, नट शाफ्टच्या टोकापर्यंत सैल करून ठेवा, पुलरनं पंखा सोडवा. हातोडा मारायचा नाही, तो धक्का शाफ्टवाटे गिअरबॉक्समध्ये जातो. नवा पंखा आधी चावीशिवाय (शाफ्टच्या खाचेत बसणाऱ्या धातूच्या पट्टीशिवाय) चढवा, जिथे घट्ट बसतो तिथे शाफ्टवर खूण करा. मग चावी घालून चढवा, त्याच खुणेवर यायला हवा. अलीकडे थांबला तर चावीवर चढलाय. जादा पंखा, पुलर, नटाचा पाना आणि दोन कॉटर-पिना बोटीतच राहू द्या.

धक्का मोठा होता अशी शंका असेल तर शाफ्ट आणि गिअरबॉक्सच्या कपलिंगचं संरेखन तपासा. दोन चकत्यांमधली फट चारही बाजूंनी फीलर-गेजनं (ठरावीक जाडीच्या पातळ पट्ट्यांनी) मोजायची, फरक ०.००३ इंचापेक्षा जास्त नको. हे पाण्यात करा, ट्रेलरवर बोटीचा तळ किंचित वाकतो.

रॅम्पवर, म्हणजे बोट पाण्यात उतरवायच्या उतारावर, बोट इंजिनच्या जोरानं ट्रेलरवर चढवायची सवय लावून घेऊ नका. पंखा रॅम्पच्या टोकाला खड्डा खणतो आणि ती वाळू पुढे ढिगारा होऊन बसते, पुढच्या वेळी तुमचाच पंखा तिला लागतो. विंचनं ओढा. धक्क्याशी बोट पाण्याबाहेर उचलून ठेवणारी लिफ्ट घेणार असाल तर बोटीला लागणाऱ्या पाण्यात लिफ्टचा आडवा दांडा आणि लाकडी पट्ट्या यांची उंची मिळवा, मग कळतं की अडीच फूट पाण्यात ती बोट कधीच तरंगून बाहेर येणार नाही. तेव्हा धक्काच लांब करायचा.

नियम राज्याराज्यांत वेगळे. विस्कॉन्सिनमध्ये किनाऱ्यापासून शंभर फुटांत लाट उठवायची नाही. मिनेसोटात रस्त्यावर बोट नेताना ड्रेन-प्लग काढलेला असावाच लागतो, एका तळ्यातली वेल-शिंपले दुसऱ्यात जाऊ नयेत म्हणून. व्हरमाँटनं २०२४ पासून वेकसर्फिंगसारख्या खेळांना किमान वीस फूट पाणी आणि किनाऱ्यापासून पाचशे फूट अंतर घातलं. साध्या स्कीइंगला तेवढं लागत नाही, पण सहा-सात फुटांवर रोज फेऱ्या मारल्या तर गाळ ढवळतो, पाणी गढूळ होतं आणि शेजारी सभेत विषय काढतात. दहा फुटांची पट्टी मिळत असेल तर तीच धरा.

थंडीत मात्र उथळ तळं पुन्हा एकदा हिशेब मागतं. ऑक्टोबरमध्ये इंजिनच्या ब्लॉकच्या दोन्ही बाजूंचे ड्रेन-प्लग, एक्झॉस्ट मॅनिफोल्डचे प्लग, कूलरचे होज काढून पाणी सोडायचं. उन्हाळाभर आत गेलेली वाळू ब्लॉकच्या तळाशी प्लगमागेच साचलेली असते. प्लग काढल्यावर चार थेंब पडून पाणी थांबलं तर ब्लॉक रिकामा झाला असं समजू नका. एक ताठ तार आत खुपसा, वाळू फोडा, पाण्याची धार सुटेपर्यंत. मागे राहिलेलं ते दोन लिटर पाणी जानेवारीत गोठून ब्लॉकला उभी भेग पाडतं, आणि ती मे महिन्यात बोट तळ्यात उतरवल्यावर दिसते.