दहा चकरांत चार ठोके

आवाजाचा पत्ता एकदाचा लागला. मोटरसायकल अजून उघडीच आहे, चेन जुन्या कापडावर पडलीय, पण तीन रविवार डोकं खाणारा तो 'टक' कुठून येत होता ते आता ठाऊक झालंय. सविस्तर लिहून ठेवतो, कारण यातला निम्मा वेळ माझ्याच घाईपायी गेला.

लक्षण असं. ताशी २० च्या आसपास वेग आला की खालून टक... टक... टक. ऐकू येण्याआधी डाव्या फूटरेस्टवर तळपायाला कळायचा. ५० च्या पुढे वाऱ्यात विरून जायचा. पहिली चाचणी मात्र मी शहाण्यासारखी केली. रिकाम्या रस्त्याच्या उतारावर क्लच दाबून इंजिन बंद केलं आणि गाडी घरंगळू दिली. टक तसाच, त्याच तालात. म्हणजे टॅपेट, पिस्टन, टायमिंग चेन सगळे सुटले. मग एकाच वेगात दोन वेगवेगळ्या गिअरमध्ये चालवून पाहिलं, ताल बदलला नाही. इंजिनच्या फेऱ्यांशी त्याचं काही देणंघेणं नव्हतं, फक्त चाकाच्या वेगाशी होतं. उरलं काय, तर गिअरबॉक्सच्या बाहेर पडणाऱ्या शाफ्टपासून मागच्या चाकापर्यंतचं सामान.

इथवर ठीक होतं. पुढे अक्कल गहाण टाकली.

ठोका म्हटलं की कश रबर (मागच्या चाकात हिसके झेलणारे रबराचे तुकडे), हे आपल्या डोक्यात इतकं पक्कं बसलंय की मी मागचं चाक काढून सरळ रबर बदलले. जुने चेपले होतेच, त्यामुळे थ्रॉटल सोडल्यावर बसणारा हिसका गेला. टक गेला नाही. जाणार कसा? ढिले रबर ठोका देतात तो ओढ उलटते तेव्हा, थ्रॉटल देता-सोडताना. उतारावर नुसत्या घरंगळणाऱ्या गाडीत ते घड्याळासारखे एका तालात कशाला वाजतील? हा विचार चाक खोलण्याआधी करायचा असतो.

चाक बाहेर होतंच म्हणून बाकीचंही पाहून घेतलं. कॅरिअरचं (ज्यावर मागचं स्प्रॉकेट, म्हणजे चेनचं दातेरी चक्र, बसतं) बेअरिंग बोटाने फिरवलं, कुठे खरखर नाही. चाकाची बेअरिंगं चांगली. स्प्रॉकेटचे नट घट्ट. पुढच्या स्प्रॉकेटचं झाकण काढलं, नट जागच्या जागी, लॉक वॉशर नीट दुमडलेला. सगळं जोडून गाडी डबल स्टँडवर घेतली आणि चाक हाताने फिरवलं, तर आवाज नाहीच. स्टँडवर गाडी अगदी साळसूद.

कारण नंतर उमगलं. स्टँडवर मागचं चाक खाली लोंबतं आणि चेन सैल पडते. आपण बसलो की सस्पेन्शन दबतं. पुढचं स्प्रॉकेट, स्विंगआर्मचा (मागचं चाक धरणाऱ्या दांड्याचा) पिव्हट आणि मागचा अॅक्सल जसजसे एका रेषेत येतात तसतशी चेन ताणली जाते. माझा आवाज ताणलेल्या चेनचा होता. चाचणी वजनासकटच घ्यायला हवी होती.

म्हणून मित्राला गाडीवर बसवलं. इंजिन बंद, गाडी न्यूट्रलमध्ये, पुढच्या स्प्रॉकेटचं झाकण काढलेलं, टायरवर खडूची रेघ, आणि मी मागून ढकलतोय. तो म्हणाला, "अरे, एवढी मोजदाद करण्यापेक्षा नवी चेन टाक ना!" (तो बरोबर निघाला. हे अजून त्याला सांगितलेलं नाही.)

माझ्या गाडीला पुढे १५ दाते, मागे ४२, चेनच्या कड्या १०६. चाकाच्या १० चकरांत एकूण ४२० दाते सरकतात. म्हणजे दोष मागच्या स्प्रॉकेटमध्ये किंवा चाकात एका जागी असेल तर १० ठोके. पुढच्या स्प्रॉकेटमध्ये असेल तर २८. चेनच्या एखाद्या कडीत असेल तर ४२० भागिले १०६, म्हणजे जेमतेम ४. आम्ही तीनदा मोजलं. दोनदा ४ आले, एकदा ३, आणि त्या वेळी मी धापा टाकत होतो.

मग चेनवरच खडूची खूण केली आणि हळूहळू ढकलत गेलो. दरवेळी टक झाला तेव्हा पुढच्या स्प्रॉकेटवर तोच भाग होता. गाडी स्टँडवर घेऊन चेनचा तो भाग रॉकेलच्या फडक्याने पुसला आणि चोर सापडला. शेजारशेजारच्या दोन कड्या गुडघा दुमडल्यासारख्या अडकलेल्या, खालच्या बाजूनेही सरळ होत नव्हत्या. अंगठ्याने दाबल्या तर वाकायच्या आणि वाकलेल्याच राहायच्या. पट्ट्यांच्या फटीत विटकरी पूड, ओ-रिंग (सांध्यातलं ग्रीस कोंडणारी रबरी रिंग) गायब, एका बाजूला तिचा केसाएवढा तुकडा लोंबतोय. पुढच्या स्प्रॉकेटवर प्रत्येक सांध्याला २४ अंश वाकावं लागतं, मागच्यावर साडेआठच्या आसपास. म्हणून त्या कड्या पुढेच कुरकुरत होत्या.

ओ-रिंग गेली कशी? मध्यंतरी तारेच्या ब्रशने चेन घासून लखलखीत केली होती. तो उद्योग माझाच. आतलं ग्रीस रिंगांनी कोंडलेलं असतं, रिंग फाटली की ते निघून जातं आणि बाहेरून कितीही तेल सोडा, टिकत नाही. तरी मी रात्रभर तेल मुरवून पाहिलं. एक दिवस आवाज दबला, दुसऱ्या दिवशी पुन्हा हजर.

चेन काढून, ताणून, २० कड्यांचं अंतर मोजलं. ५२० मापाच्या नव्या चेनमध्ये ते ३१७.५ मिमी असतं. माझ्या चेनमध्ये एका जागी ३१९ आणि दुसरीकडे ३२१ भरलं. अशी कमी-जास्त ताणलेली चेन एका जागी घट्ट लागते, दुसऱ्या जागी सैल. मी मात्र ढील नेहमी एकाच जागी, हाताला सोयीच्या ठिकाणी, मोजत आलो. आता चाक फिरवत चार-पाच जागी पाहायचं आणि सर्वांत घट्ट जागेवर ढील धरायची.

नवी चेन आणि दोन्ही स्प्रॉकेट एकदमच बदलतोय. चेनची टोकं जोडायला क्लिपऐवजी रिव्हेटचं लॉक घेतलंय. क्लिप लावणाऱ्यांनी तिचं बंद तोंड चेन धावते त्या दिशेला ठेवावं. बोटांची काळजी म्हणून एक सांगतो: चेनपाशी हात असताना इंजिन बंदच हवं, 'हळू फिरतंय' म्हणूनसुद्धा चालू ठेवू नका.

रिव्हेटचं हत्यार अजून हातात नाही. तोवर काल चेनशिवायच गाडी ढकलली, मित्र वर बसलेला, पुन्हा दहा चकरा. ठोके शून्य. मागच्या डिस्कची हलकी घसघस तेवढी ऐकू आली, पण ती जुनीच आहे.