टॉर्चमध्ये फुगून बसलेला सेल कसा काढला - माझा अनुभव

गावच्या घरी बाबांची ॲल्युमिनियमची दोन सेलवाली टॉर्च आहे, मोठ्या सेलची. पावसात रात्री गोठ्यापर्यंत जायचं तर ती हवीच. गणपतीला गेलो तर पेटेना. मागचं झाकण पिळून उघडलं, एक सेल पांढऱ्या भुकटीने माखलेला बाहेर पडला आणि दुसरा आत जो बसला तो बसलाच.

तालुक्याला एका इलेक्ट्रिकच्या दुकानात दिली. उद्या या, परवा या करत त्याने ठेवून घेतली आणि शेवटी तशीच परत दिली, वर "टाका हो, नवीन घ्या". अजून राग येतो. अहो बल्ब चांगला, स्विच चांगला, नळीला साधा पोचा नाही, नुसत्या एका सेलसाठी का टाकायची?

मग घरीच बसलो. आधी हातमोजे आणि चष्मा, यात आळस नको. आणि बाहेर आलेल्या सेलवर काय लिहिलंय ते वाचा, सगळं त्यावर आहे. माझ्या सेलवर अल्कलाईन लिहिलेलं. त्यातून गळतं ते पोटॅशियम हायड्रॉक्साईड, म्हणजे कडक अल्कली, ते हवेतला कार्बन डायऑक्साईड घेऊन पांढरं पडतं आणि ॲल्युमिनियमला तर खातंच. त्याच्यावर लिंबू किंवा व्हिनेगर चालतं. साधे स्वस्तातले झिंक कार्बनचे सेल असतील तर उलटं, त्यांचा रस आम्लाकडे झुकतो, तिथे खायच्या सोड्याचं पाणी. सगळे सरसकट लिंबू सांगतात ते बरोबर नाही.

आता अडकलेला सेल. शेजारचे दादा म्हणाले बुडात स्क्रू पिळ आणि पक्कडीने ओढ. मी साफ नाही म्हटलं. अल्कलाईनला बाहेरून स्टीलचा डबा असतो, आत गॅसचं प्रेशर असू शकतं, भोक पडलं की तो रस थेट तोंडावर उडायचा. गॅसवर नळी शेकवायचं तर नावही काढू नका, सेल फुटतो. आपटून पण बघितलं, लाकडी पाटावर टॉवेल टाकून, ढिम्म हलला नाही.

मग लक्षात आलं की हा सेल गळतो तो बहुतेक मायनसच्या म्हणजे सपाट बाजूने, आणि ती बाजू झाकणाकडेच असते. टॉर्च उभी धरून कापसाच्या काडीने कडेकडेने लिंबाचा रस सोडला. बारीक फसफस झाली, बुडबुडे येऊन पांढरी कड विरघळत गेली. पुसलं, परत रस, परत पुसलं, कड मोकळी दिसेपर्यंत तेच.

पण सुटला तो मागून ओढून नाही, पुढून ढकलून. पुढची काच, रिफ्लेक्टर, बल्ब सगळं पिळून निघतं, हे त्या दुकानदाराला माहीत नसेल असं मी मानतच नाही. आत बघितलं तर सेलचं टोक समोर. मोठा सेल साधारण 34 मिलिमीटर जाडीचा, मॉपचा दांडा त्यापेक्षा बारीक, म्हणून टोकाभोवती जाड वायसर ठेवला, म्हणजे जोर मधे न येता सपाट भागावर येतो. दांडा सरळ धरून हळूहळू ठोकत गेलो. आधी किर्रर्र आवाज, मग एकदम सैल, आणि सेल खाली बादलीत. इतका आनंद झाला की बाबांना हाक मारून दाखवला!

हो, दांडा घालताना आत कडेला स्विचची पितळी पट्टी असते ती वाकवू नका, ती गेली तर टॉर्च गेली.

नंतर ओल्या कापडाने पुसून पूर्ण वाळू दिली, स्प्रिंग आणि पट्टी बारीक पॉलिश पेपरने घासली, नवीन सेल टाकले, पेटली. दोन्ही सेल एकदमच बदला, एक जुना एक नवा नको, जुना आधी संपतो आणि नवा त्याच्यातून करंट ढकलत राहतो, मग तोच गळतो. काढलेले सेल ओल्या कचऱ्यात टाकू नका, मी पिशवीत बांधून शहरात आणले आणि ई-कचऱ्यात दिले. रस हाताला लागला तर भरपूर पाण्याने धुवा, डोळ्यात गेला तर पंधरा मिनिटं नळाखाली धरून सरळ डॉक्टर गाठा.