एक माणूस धरून बघितलेली लढाई

रविवार, ऑक्टोबर. रात्री.

हौशी मंडळींनी पुन्हा उभी केलेली एखादी जुनी लढाई बघायला गेलं की प्रत्येकाने मैदानातला एकच माणूस धरायचा आणि शेवटपर्यंत त्याच्यावरून नजर हलवायची नाही, हा आमच्या घरचा नियम. तो थोरलीने काढला. आधीच्या एका कार्यक्रमात कोण कुठून धावतंय, कोण कुणाच्या बाजूचं, तिला काही उमगेना. शेवटी ती नगारा वाजवणाऱ्या एका मुलाकडेच बघत बसली, आणि परत येताना आम्हा सगळ्यांपेक्षा तिच्याकडेच सांगण्यासारखं जास्त होतं. तेव्हापासून आम्ही सगळेच असं बघतो. आज हेस्टिंग्जची लढाई याच पद्धतीने बघून आलो. डोळ्यांसमोर आहे तोवर लिहून ठेवते.

नाव हेस्टिंग्जचं असलं तरी लढाई झाली ती तिथून सुमारे १० किलोमीटर आत, एका टेकडीच्या उतारावर. तिथे वसलेल्या गावाचं नावच ‘बॅटल’ आहे. १४ ऑक्टोबर १०६६ ला इंग्लंडचा राजा हॅरॉल्ड इथे पडला आणि नॉर्मंडीचा ड्यूक विल्यम जिंकला. पुढे विल्यमने याच जागी मठ बांधवला. हॅरॉल्ड जिथे पडला असं परंपरेने सांगतात, तिथेच चर्चची मुख्य वेदी ठेवली. त्या मठाच्या भिंतींखालच्या गवतावर, ऑक्टोबरातल्या शनिवार-रविवारी, हौशी मंडळी ही लढाई पुन्हा उभी करतात. याला सगळे रीएनॅक्टमेंट म्हणतात, आमच्या घरातही तोच शब्द रुळलाय.

दुपारी लढाई, सकाळी छावणी. मला कुणी विचारलं तर मी सांगेन, सकाळीच जा. लढाई दोरीच्या अलीकडून बघावी लागते. छावणीत मात्र माणसं हाताच्या अंतरावर असतात आणि त्यांना बोलायला मनापासून आवडतं. बहुतेकांच्या अंगावरचे कपडे हाताने शिवलेले. मनगटावर घड्याळ नाही, डोळ्यांवर चष्मा नाही, पाण्याची बाटली असलीच तर फडक्यात गुंडाळून राहुटीत आत. एक बाई लोकर रंगवत होत्या. मंजिष्ठेच्या जातीच्या मुळांचा लाल, वोड नावाच्या झाडाच्या पानांचा निळा आणि एका रानझाडाचा पिवळा. एवढ्या तीन रंगांत त्यांनी केवढ्या छटा काढून दाखवल्या.

धाकटा मात्र थेट चिलखतवाल्याकडे. धिप्पाड गडी, सॅक्सन म्हणजे हॅरॉल्डच्या इंग्रज बाजूचा, हातात लांब दांड्याची कुऱ्हाड. त्याने आपलं कड्यांचं चिलखत काढून याच्या अंगावर चढवलं. एकेक कडी दुसऱ्या चार कड्यांत ओवलेली आणि टोकाला बारीक खिळा ठोकून बंद केलेली, अशा हजारो कड्या. वजन दहा किलोच्या वर. धाकट्याचे खांदे एकदम खाली गेले. मग त्या माणसाने कमरेला चामड्याचा पट्टा आवळला आणि वरचं थोडं चिलखत पट्ट्याच्या वर ओढून घेतलं. तेवढ्याने अर्धा भार खांद्यावरून कमरेवर आला आणि पोराचा चेहरा खुलला. काढायची पद्धत तर बघण्यासारखी: कमरेत वाकायचं, डोकं खाली, हात जमिनीकडे सोडायचे आणि अंग झटकायचं. सगळं चिलखत सळसळत आपणहून खाली उतरतं. धाकट्याने ते तीनदा करायला लावलं, आणि त्या भल्या माणसाने तीनदा करू दिलं.

कुऱ्हाडीबद्दल त्याने सांगितलेलं मला फार पटलं. ती दोन्ही हातांनी फिरवायची असते, म्हणजे ढाल धरायला हात उरत नाही. म्हणून कुऱ्हाडवाल्याच्या शेजारी ढालवाला लागतोच. तो नसेल तर कुऱ्हाड उगारलेल्या क्षणी छाती उघडी पडते. आज त्याच्या शेजारी त्याचा मेहुणा उभा राहणार होता. दोघं कितीतरी वर्षं असेच शेजारी उभे राहत आलेत.

बाबा, म्हणजे माझे सासरे, नाणी पाडणाऱ्यापाशी रमले. खालचा ठसा लाकडाच्या ओंडक्यात ठोकलेला. त्यावर पातळ चकती ठेवायची, वर दुसरा ठसा धरायचा आणि हातोडीचा एकच घाव. दोन घाव बसले तर चित्र दुहेरी उमटतं. हॅरॉल्डला जेमतेम नऊ महिने राज्य मिळालं, पण तेवढ्यात त्याने स्वतःची चांदीची नाणी पाडली. एका बाजूला त्याचा चेहरा आणि दुसऱ्या बाजूला लॅटिनमध्ये ‘शांतता’. बाबांनी घाव घातलेली चकती त्यांना तशीच देऊन टाकली. ती आज दिवसभर त्यांच्या मुठीत होती.

लढाई सुरू व्हायच्या आधी निवड झाली. धाकट्याने अर्थातच कुऱ्हाडवाला घेतला. थोरलीने इंग्रज बाजूचा तिरंदाज शोधला. फ्रान्समधल्या बायो गावच्या, याच लढाईची चित्रं असलेल्या त्या प्रसिद्ध, जवळजवळ ७० मीटर लांब भरतकामात नॉर्मन तिरंदाज रांगेने दाखवलेत आणि इंग्रजांच्या बाजूला एकच, हे तिला माहीत होतं. नवऱ्याने घोडा निवडला. माणूसच धरायचा असा नियम आहे म्हणून मुलांनी आरडाओरडा केला, शेवटी घोड्यावरच्या बाईसकट घोडा चालेल असं ठरलं. बाबांनी पाणी देणारी एक वयस्क बाई निवडली. मी नॉर्मन बाजूच्या मागच्या रांगेतला, भाला घेतलेला एक शिडशिडीत तरुण धरला.

सॅक्सन वर, उतारावर, ढालीला ढाल लावून उभे. नॉर्मन खालून चढणार. निवेदक सगळी हकीकत सांगत होता. हॅरॉल्डने २५ सप्टेंबरला उत्तरेत, यॉर्कजवळ स्टॅमफर्ड ब्रिजला नॉर्वेच्या राजाचा पराभव केला. तिसऱ्याच दिवशी विल्यम दक्षिणेच्या किनाऱ्यावर उतरला. लंडनपर्यंत सुमारे ३०० किलोमीटरची वाट उलटी तुडवत हॅरॉल्ड पुन्हा खाली आला. हे वाचलेलं होतं. पण आज माझा भालेवाला नुसता त्या उतारावर पहिल्यांदा चढून गेला, तेव्हाच त्याचा ऊर धपापताना मला दोरीपासून दिसत होता. वर ताज्या दमाची ढालींची भिंत असती तर? आणि ती तशी नव्हती, थकून आलेली होती, तरी दिवसभर टिकली, हे मला आज खरं कळलं. सकाळी नऊच्या सुमारास सुरू झालेली लढाई अंधार पडेपर्यंत चालली. आम्ही बघितली ती तासाभराची.

माझ्या माणसाने बराच वेळ काहीच केलं नाही. पुढची रांग भिडलेली आणि तो मागे उभा, भाला टेकवून. मधूनच मान उंच करून बघायचा. एकदा शिरस्त्राण सारखं केलं. पुढचा माणूस मागे रेटला गेला की हा त्याच्या पाठीला ढाल लावून पुढे ढकलायचा. युद्ध म्हणजे एवढं उभं राहणं आणि वाट बघणं असतं, हे चित्रांत कधी दिसत नाही. मधेच नॉर्मन डाव्या अंगाने मागे पळाले. हूल होती. सॅक्सनांची एक टोळी भिंत सोडून त्यांच्यामागे उतारावरून धावत सुटली, घोडेस्वार वळले आणि ती टोळी मधल्यामधे कापली गेली. माझा भालेवालाही पळणाऱ्यांत होता. वळताना त्याच्या चेहऱ्यावर हसू होतं. नाटकातलं होतं की मनातलं, मला सांगता येणार नाही.

हत्यारं सगळी बोथट. तलवारीची धार जाड ठेवून गोल घासलेली असते, भाल्याची टोकंही गोल. डोक्यावर आणि चेहऱ्यावर वार करायचा नाही, हा कडक दंडक. वार लागला की नाही हे ज्याला लागतो तोच ठरवतो. सगळा खेळ त्या प्रामाणिकपणावर उभा आहे. बंदुकीच्या काळातल्या लढायांत तर काळजी आणखी वेगळी: नळीत फक्त दारू, गोळी नाही, दारू ठासायचा गज सहसा वापरत नाहीत, आणि नेम माणसांच्या डोक्यावरून वर. तिथे मुलांच्या कानात बोळे हवेतच. इथे मात्र कान उघडे ठेवावेत. ढालीवर ढाल आदळल्याचा तो पोकळ, लाकडी आवाज छातीत घुमतो.

थोरलीचा तिरंदाज लवकरच भात्यातले बाण संपवून बसला. ती म्हणाली, “आई, नॉर्मनांचे बाण संपले तर त्यांना परत मारायला शत्रूचे बाण मिळणारच नाहीत, कारण इकडे तिरंदाजच नाहीत!” अभ्यासकही हा मुद्दा मांडतात. मी वाचला होता, पण तिने तो कुठे वाचला नव्हता. तिने एका माणसाचे रिकामे हात बघितले होते.

कुऱ्हाडवाला शेवटच्या भागात पडला. आधी मेहुणा पडला, मग तो. धाकटा गप्प झाला. मघाशी ज्याने कमरेचा पट्टा आवळून दिला, तो तोंडावर पालथा पडलेला. पडलेला माणूस हलत नाही आणि लढाई त्याच्यावरून पुढे जाते. बायोच्या त्या भरतकामात खालच्या पट्टीवर असे पडलेले दिसतात, आणि त्यांच्या अंगावरचं चिलखत डोक्यावरून ओढून काढणारी माणसंही. बरोबर तशीच, वाकवून, झटकून. सकाळी ज्या गोष्टीवर आम्ही हसलो, ती तिथे मेलेल्या माणसाला करतात. हे धाकट्याला सांगावं की नाही, असं मनात आलं. सांगितलं. त्याने बराच वेळ विचार करून विचारलं, “मग त्याला घरी नेलं कुणी?” मला उत्तर देता आलं नाही. बाबा म्हणाले, “बऱ्याच जणांना कुणीच नाही, बाळा.”

शेवटी सगळे मेलेले उठले, दोन्हीकडची माणसं एकमेकांना मिठ्या मारू लागली. काहींना हे खटकतं, मरणाचा खेळ केला असं वाटतं. मला तसं वाटत नाही. ३ जुलै १९१३ ला अमेरिकेत गेटिसबर्गला, तिथल्या यादवी युद्धातल्या लढाईला ५० वर्षं झाली तेव्हा, त्या लढाईतून वाचलेले म्हातारे दोन्ही बाजूंनी आले होते. पूर्वी ज्या दगडी कुंपणावर चाल केली, तिथपर्यंत ते पुन्हा चालत गेले आणि कुंपणावरून एकमेकांचे हात हातात घेतले. खरी लढाई लढलेल्यांनाच जर त्या जागी पुन्हा चालून जावंसं वाटलं, तर नंतरच्यांनी चालून बघण्यात अनादर कसला? मात्र पडलेल्यांचा तो वेळ अजून लांबवायला हवा, असं माझं ठाम मत आहे. मेलेले उठायच्या आधी मैदान काही मिनिटं तसंच ठेवावं आणि निवेदकाने बोलू नये.

आकड्यांच्या मागे लागू नये, हेही मला वाटतं. २०१५ मध्ये वॉटर्लूच्या, म्हणजे नेपोलियन हरला त्या लढाईला २०० वर्षं झाली तेव्हा सुमारे ५,००० हौशी सैनिक मैदानात होते. १८१५ च्या जूनमध्ये तिथे दोन लाखांच्या आसपास माणसं होती. पाच हजारही त्यापुढे थोडेच, आणि पाच हजारांत तर एक माणूस धरून ठेवणंच अवघड. छोटी लढाई बरी.

गाडीत ज्याने त्याने आपापला माणूस सांगितला. नवऱ्याची घोडी चाल करताना ढालींच्या भिंतीपुढे थांबून सरळ आडवी वळायची, कितीही टाच मारली तरी. घोडेस्वारांना ती भिंत का फोडता आली नाही, ते त्याने त्या एका घोडीवरून आम्हाला नीट समजावलं. बाबांच्या पाणीवाल्या बाईने दोन्ही बाजूंना पाणी दिलं. हे नियमात बसतं का, यावर वाद झाला. बाबांचं म्हणणं, तिला बसतं.

थोरलीला आता दोरीच्या पलीकडे जायचंय. तिथल्याच एका गटाच्या बाईंशी ती बोलूनही आली. लढाईत उतरायला अजून वय बसत नाही, पण आईबापांपैकी कुणी बरोबर असेल तर छावणीत राहता येतं. लोकर विंचरायची, सूत काढायचं, विस्तव सांभाळायचा, आणि येणाऱ्यांच्या प्रश्नांना उत्तरं द्यायची. पहिला अंगरखा लिननचा, म्हणजे जवसाच्या धाग्याच्या कापडाचा, हातशिलाईचा, स्वतः शिवावा लागतो. त्या बाईंनी कापण्याचा आराखडा कागदावर काढून दिलाय: सगळे तुकडे चौकोनी आणि त्रिकोणी, म्हणजे कापड वाया जात नाही. बगलेतला चौकोन कसा बसवायचा ते आम्हा दोघींनाही कळलेलं नाही. उद्या जुन्या चादरीवर करून बघू.