टोपी कुठंय रे?

दुपारचं जेवण उरकून जरा लवंडलो होतो, तेवढ्यात नातू शाळेतून आला आणि त्यानं डायरी माझ्या पोटावर आपटली. आईबाप हापिसात, तेव्हा सहीचा मान माझा. आत लाल शेरा: वर्गात टोपी घालून बसला. टोपी म्हणजे ती पुढे चोच असलेली, काळी. बाईंनी ती कपाटात ठेवून घेतली होती. ‘मी शेवटच्या बाकावर होतो आबा, कुणाच्या आडसुद्धा येत नव्हतो,’ हे त्याचं म्हणणं. खरं कारण त्याच्या कानामागे दिसत होतं. सलूनवाल्यानं मशीन फिरवता फिरवता रुपयाएवढा चट्टा पाडला होता.

मला हसू आवरेना. टोपीपायी मीही छड्या खाल्ल्यात, पण त्या नव्हती म्हणून.

आमच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत प्रार्थना झाली की गुरुजी रांगेतून फिरत. नखं, दात, टोपी. नखांना एखाद्या दिवसाची सवलत मिळे, टोपीला नाही. ‘टोपी कुठंय रे?’ म्हणत छडी वर जायची. बोडक्या डोक्यानं वर्गात बसणं म्हणजे विद्येचा अपमान. घरी आजीचा कायदा आणखी कडक. ‘बोडक्यानं काय हिंडतोस, कुणी गेलंय का घरात?’

रविवार टोपीचा. आई ती धुवायची, भाताच्या पेजेत बुडवायची, निळीचा एक थेंब. मग तांब्यात निखारे घालून इस्त्री. सोमवारी टोपी अशी कडक, की पाण्यात सोडली तर होडीसारखी तरंगेल. बुधवारपर्यंत तिचं भजं झालेलं असे आणि कडेला खोबरेल तेलाची पिवळी रेघ. होणारच. तिच्यात बोरं भरायची, तिनंच पाटी पुसायची, मास्तर येताना दिसले की तीच झटकून डोक्यावर. आमच्यातल्या एकाची टोपी दूध पावडरीच्या पिशवीतून शिवलेली होती. पिशवीवरची निळी अक्षरं कितीही धुतली तरी जात नसत, आणि शिवताना ती उलटी आली होती. एबीसीडी पाचवीत सुरू झाली तेव्हा सगळा वर्ग मान वाकडी करून त्याचं डोकं वाचायचा.

गंमत म्हणजे ज्यांचं नाव या टोपीला चिकटलं, त्यांनी ती जेमतेम दोनेक वर्षंच घातली असेल. सप्टेंबर १९२१ मध्ये मदुराईत गांधीजींनी सदरा-टोपी उतरवली आणि पंचा नेसला, तो कायमचा. ते बोडके झाले आणि आम्ही महाराष्ट्रात त्यांची टोपी पुढची सत्तर-ऐंशी वर्षं डोक्यावरून खाली ठेवली नाही. मुंबईचे डबेवाले तर अजूनही ठेवत नाहीत.

शाळेतून मात्र ती कधी गेली, नीट आठवत नाही. कुणी बंदी घातल्याचं ऐकलं नाही. एका जूनमध्ये गणवेशाच्या कापडात ती नव्हती, एवढंच. आता चाक पुरतं उलटं फिरलंय. चेंबूरच्या एका कॉलेजनं तर हिजाबाच्या जोडीनं टोपीवरही बंदी घातली होती, आणि ऑगस्ट २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तिला स्थगिती दिली. तिथल्या टोपीचं वजन वेगळं, त्यात मी शिरत नाही. माझ्या नातवाच्या टोपीखाली नुसता चट्टा आहे.

तरी खरं सांगू? त्या चोचवाल्या टोपीशी माझं जमत नाही. खिशात घडी घालून मावत नाही ती टोपी कसली? शिवाय ती उलटी घालतात, म्हणजे ऊन डोळ्यांवर आणि सावली मानेवर. हे नातवाला सांगितलं तर तो म्हणाला, ‘आबा, तुमच्या टोपीला तर सावलीच नव्हती.’ बरोबर होतं. मी विषय बदलला. त्याला उंदराची टोपी सांगायला घेतली, ‘राजा भिकारी, माझी टोपी घेतली.’ सातवीतला मुलगा, त्यानं माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं, की मी ‘ढुम ढुम ढुमाक’च्या आधीच थांबलो. पण राजानं शेवटी टोपी परत दिली होती, हे बाईंच्या कानावर घालायला हवं.

मीही सातवीतच होतो. वडील गेले तेव्हा. डोक्याचा गोटा झालेला. तेराव्याला मामानं नवी टोपी घातली, दुखवट्याची. घाईत बाजारातून आणलेली, मोठ्या माणसाच्या मापाची. दुसऱ्या दिवशी ती घालून शाळेत गेलो तर कानांवर उतरत होती. गुरुजी रांगेतून येत माझ्यापाशी थांबले. टोपी उचलली. माझं डोकं सगळ्यांना दिसलं, पण हसलं कुणी नाही. त्यांनी टेबलावरचा जुना पेपर मागवला, त्याची लांब पट्टी फाडली, चार घड्या घातल्या, टोपीच्या आतल्या पट्टीत नीट सारली आणि टोपी माझ्या डोक्यावर दाबून बसवली. मग पुढच्या मुलाकडे वळले.

‘तुझी कुठंय रे?’