शॉवरच्या नळीतला स्युडोमोनास

मंगळवारी सकाळी लॅबमध्ये बर्न्स वॉर्डातल्या (भाजलेल्यांच्या) नमुन्यांच्या तिसऱ्या कल्चर प्लेटवरही, म्हणजे जंतू वाढवायच्या बशीवरही, तोच हिरवट रंग दिसला. प्लेट मुद्दाम हुंगायची नसते, पण झाकण उचलताच पिकलेल्या द्राक्षांसारखा गोडसर वास आलाच. स्युडोमोनास, ओलाव्यात वाढणारा जंतू. ८ दिवसांत तिसरा रुग्ण, आणि तिघांचा अँटिबायोग्राम, म्हणजे जंतू कोणत्या औषधाला दाद देतो त्याचा तक्ता, हुबेहूब सारखा. सेफ्टाझिडिम, अमिकासिन, मेरोपेनेम, सगळ्या अँटिबायोटिक्सना रेझिस्टंट. हाती उरलं कोलिस्टिन, आणि त्याचा रिपोर्ट प्लेटवर औषधाची डिस्क (चकती) लावून देता येत नाही. रेणू मोठा, अगारमध्ये (प्लेटमधल्या जेलीत) नीट पसरत नाही, त्यामुळे निकालावर भरवसा ठेवता येत नाही. ब्रॉथ मायक्रोडायल्युशनच करावं लागतं, म्हणजे द्रवात औषधाचं प्रमाण टप्प्याटप्प्याने बदलून जंतू वाढतो का ते बघायचं.

हडपसरची गॅसच्या भडक्यात ३५ टक्के भाजलेली बाई, पिरंगुटच्या कारखान्यातला कामगार आणि एक कॉलेजचा मुलगा. बेड लांब लांब, सिस्टर वेगळ्या, सर्जनही वेगळे. तिघंही गेले होते ते फक्त ड्रेसिंग रूममधल्या शॉवर ट्रॉलीवर, जिथे झोपवून जखमा धुतात.

बुधवारी पहाटे, पहिला रुग्ण यायच्या आधी नमुने घेतले. रात्रभर नळीत साचलेलं पहिल्या धारेचंच पाणी हवं. नळ थोडा वाहू दिला की नमुना वाया. बाटलीत सोडियम थायोसल्फेट घालावंच लागतं, नाहीतर पाण्यातलं क्लोरीन वाटेतच जंतू मारतं आणि रिपोर्ट खोटा निगेटिव्ह येतो. शॉवरहेड उघडून आतूनही स्वॅब फिरवला. ओटी (ऑर्थोटोलिडीन) टेस्टला पाणी पिवळं झालं, म्हणजे क्लोरीन होतं. तरीही नळी कापली तेव्हा आत बुळबुळीत थर निघाला. त्या बायोफिल्मच्या, म्हणजे जंतूंच्या चिकट थराच्या, तळापर्यंत क्लोरीन पोचत नाही. दोन दिवसांनी तिथूनच तोच स्युडोमोनास वाढला.

मावशी प्रत्येक रुग्णानंतर ट्रॉली नीट पुसत होत्या, त्यांची काहीच चूक नव्हती. नळी बदलणं कोणाच्याच कामाच्या यादीत नव्हतं, याचंच फार वाईट वाटलं. त्याच दिवशी उरलेली नळी काढून टाकली आणि शॉवरच्या तोंडाशी ०.२ मायक्रॉनचा फिल्टर बसवला.

हडपसरच्या बाईची काळजी जास्त होती. १२ वा दिवस, पाठीवरची एस्कार (भाजून मेलेल्या कातडीचा थर) अजून तशीच, आणि कडेला जांभळट काळे डाग. एस्कारमध्ये रक्तपुरवठा नसतो, तिथे शिरेतून दिलेलं औषध पोचणार कसं? सर्जनना स्वॅबऐवजी टिश्यू, म्हणजे जखमेतला मांसाचा तुकडा, पाठवायला सांगितलं. स्वॅब वरवरचं दाखवतो, आणि जखमेवर लावलेलं जंतुनाशक मलम, सिल्व्हर सल्फाडायझीन, सलाइनने धुतलं नसेल तर तेही नाही. टिश्यूमध्ये ग्रॅममागे १ लाखाच्या वर जंतू निघाले. एवढ्या जंतूंवर ग्राफ्ट (लावलेली त्वचा) बहुधा धरत नाही. दुसऱ्या दिवशी एस्कार काढली आणि त्वचापेढीतून आलेली, ग्लिसरॉलमध्ये जपलेली त्वचा तात्पुरती लावली.

कोलिस्टिन ९० लाख युनिटचा लोडिंग डोस (पहिला मोठा डोस) देऊन सुरू केलं, मग दर १२ तासांनी ४५ लाख. लोडिंग डोस टाळला तर रक्तात पुरेशी पातळी यायला दोन दिवसही जातात, आणि भाजलेल्या रुग्णाकडे तेवढा वेळ नसतो. औषधाचा मूत्रपिंडावर परिणाम होतो, म्हणून रोज रक्तातलं क्रिएटिनिन बघायचं. पाचव्या दिवशी ते ०.८ वरून १.९ वर गेलं, डोस कमी करावा लागला. त्याच दिवशी ड्रेसिंग उघडलं. गॉजवर हिरवा डाग नव्हता. पाठीवर तिच्याच बोटांसकट तळहाताएवढ्या तीन जागा उघड्या होत्या, म्हणजे अजून शरीराच्या सुमारे ३ टक्के.