लाईट आली, हात लावू नका

मे महिन्यात दुपारी चार-साडेचारला फोन वाजला की नाव न बघताच मला कळतं, आई असणार, आणि काय विचारणार तेही कळतं. "आभाळ आलंय गं, प्लग काढलेस का?" आभाळ आलेलं असतं त्यांच्याकडं, कराडजवळ गावात. मी पुण्यात, कोथरूडला, चौथ्या मजल्यावर, बाहेर असं ऊन की गॅलरीतले कपडे तासाभरात कडक वाळतात. पण आईच्या मते वीज कुठंही पडू शकते आणि लेकीच्या फ्रीजवर जरा जास्तच. मी "हो, काढले" म्हणते. काढलेले नसतात.

लहानपणी आमच्याकडं वळीव यायच्या आधी घरात नुसती धावपळ असायची. आई माळवदावरच्या कुरडया गोळा करायला पळायची, आज्जी अंगणात लोखंडी पहार टाकायची (का टाकायची ते तिलाही सांगता यायचं नाही, तिच्या सासूनं टाकलेली म्हणून) आणि अण्णा प्लग काढायचे. आधी टीव्ही, मग टीव्हीच्या मागची अँटेनाची वायर, ती तर हमखास, कारण तिचं दुसरं टोक घरावर सगळ्यात उंच उभं, मग फ्रीज, मग टेप, आणि शेवटी मिक्सर, जो सकाळी चटणी झाल्यापासून कपाटात असायचा पण अण्णा उघडून बघायचेच. नुसतं बटण बंद करून भागायचं नाही. अण्णा प्राथमिक शिक्षक, त्यामुळं कारण सांगितल्याशिवाय ते कुठलंच काम करत नाहीत. "बटणाच्या आत फट केवढी असते? तांदळाच्या दाण्याएवढी. आणि वीज उडी कुठनं मारते? ढगातनं. ती त्या फटीला दाद देणाराय का?" मग आम्हा भावंडांना ओसरीत बसवून वीज चमकल्यापासून गडगडाटापर्यंत सेकंद मोजायला लावायचे, तीननं भागलं की किलोमीटर. भागाकार मी असाच शिकले, आणि उत्तर एकच्या खाली आलं की रडायचं हेही.

पण गंमत म्हणजे आमच्या घरात लाईट जायची भीती कधीच नव्हती. गेली तर गेली, कंदील होता, पुढं २००५ नंतरच्या लोडशेडिंगमध्ये तर ती असण्यापेक्षा नसण्याचीच सवय झाली होती. भीती होती ती लाईट यायची. लाईट आली की अख्ख्या आळीत पोरांचा ओरडा, "आलीऽऽऽ", आणि आमच्या घरात मात्र अण्णांचा आवाज, "कुणी हात लावू नका." पाच मिनटं. घड्याळ लावून. मी चिडायचे, शेजारच्यांकडं मॅचचा आवाज सुरू झालेला असायचा आणि आम्ही एका चाळीसच्या बल्बकडं बघत बसलेलो. अण्णांचं म्हणणं, उन्हातनं पाहुणा आला तर आधी पाय धुवायला पाणी देतो, मग बसवतो, लगेच धान्याचं पोतं उचलायला सांगत नाही. लाईटीलाही जरा टेकू दे.

तेव्हा हसू यायचं, पण त्यात तथ्य होतं. गावठाणाचा फीडर, म्हणजे लाईट आणणारी मुख्य लाईन, वेगळा व्हायच्या आधी आमचं घर आणि शिवारातल्या मोटारी एकाच लाईनीवर. लोकांनी मोटारींना ऑटोस्विच लावलेले, म्हणजे लाईट आली की रात्री दोनला शेतावर जायला नको, मोटार आपली आपण सुरू. आता विचार करा, लाईट आल्या क्षणाला पन्नास मोटारी एकदम उठणार, सुरू होताना मोटार नेहमीच्या कितीतरी पट करंट ओढते, म्हणजे बल्ब एकदम लाल निखाऱ्यासारखा मंद, मग त्यातल्या काही ट्रिप झाल्या की भसकन पांढरा, परत मंद. हा खेळ चार-पाच मिनटं चालायचा. त्यात फ्रीजला लाईट गेल्यावर आतल्या गॅसचं प्रेशर निवायला तेवढाच वेळ लागतो, नाहीतर कॉम्प्रेसर दाबाच्या विरुद्ध उठायला बघतो आणि नुसता घुंऽऽ करत तापतो. अण्णांना प्रेशरबिशर काही माहीत नव्हतं. बल्ब स्थिर झाला की त्यांच्या दृष्टीनं पाहुणा टेकला.

आणि बल्ब ही काय चीज होती हे आता एलईडी आल्यावर कळतंय. तो घरातला व्होल्टमीटर होता. आताचा एलईडी दीडशे व्होल्टला पण तोच हसरा चेहरा आणि अडीचशेला पण तोच, मनातलं काही कळूच देत नाही आणि एक दिवस सरळ जातो.

आमच्याकडचा ऐतिहासिक प्रसंग १९९८ किंवा ९९ च्या मे मधला. १९९६ च्या वर्ल्डकपसाठी घेतलेला कलर टीव्ही, त्यावर आईनं क्रोशाचं कव्हर घातलेलं. संध्याकाळी वळीव होऊन गेला होता, अण्णांनी पाच मिनटांचा नियम पाळून टीव्ही लावला होता, सगळं रीतसर. वारा मात्र होताच. डीपीजवळच्या चिंचेची फांदी लाईनीवर पडली आणि चार तारांमधली नेमकी न्यूट्रल, म्हणजे करंट परत न्यायची तार, तुटली. करंट आणणाऱ्या तीन तारा, म्हणजे फेज, शाबूत. म्हणजे लाईट गेली नाही, उलट जास्तच आली. आमचा बल्ब एकदम असा पांढराशुभ्र झाला की आज्जी म्हणाली "अगं बाई, आज काय दिवाळी?" आणि तेवढ्यात टीव्हीतनं फट्ट आवाज, आणि एक वास, जो एकदा घेतला की माणूस विसरत नाही, जळक्या माशासारखा. पलीकडच्या आळीत लग्नघर होतं, मांडवाला माळा, हॅलोजन, सगळा थाट, तिथं त्याच वेळी अंधारी आली.

हे असं का झालं ते मला खूप नंतर कळलं. फेज आणि न्यूट्रलमध्ये २३० व्होल्ट असतात, पण दोन फेजमध्ये मोजले तर ४००. न्यूट्रल तुटली की वेगवेगळ्या फेजवरच्या दोन आळ्या एकामागं एक जोडल्यासारख्या त्या ४०० वर टांगल्या जातात आणि मग वाटणी होते, आणि ती वाटणी उलटी असते, जिथं वापर जास्त तिथं व्होल्टेज कमी, जिथं वापर कमी त्याच्या अंगावर बाकी सगळं. लग्नघरी हॅलोजन चालू होते आणि आमच्या आळीत सगळेच अण्णांसारखे, एक बल्ब एक टीव्ही. म्हणजे आयुष्यभर काटकसर केली त्याचं बिल त्या एका संध्याकाळी आलं. शिवाय २३० हा आपला सोयीचा आकडा, खरी लाट दर फेरीला ३२५ पर्यंत उसळते. टीव्हीत आत शिरल्या शिरल्या जो वीज साठवणारा मोठा कॅपॅसिटर असतो त्यावर ४०० लिहिलेलं असतं, तेवढीच त्याची सोसायची हद्द. घरात साडेतीनशे आले असं धरलं तरी लाट पाचशेला टेकते, मग तो बिचारा काय करणार, डोकं फोडून घेतो.

टीव्हीवाला मेकॅनिक दुसऱ्या दिवशी आला, मागचं झाकण उघडलं, आत बघून चष्मा काढला. "गुरुजी, पॉवर सप्लाय गेला. पण पिक्चर ट्यूब वाचली." हे वाक्य त्यानं ज्या सुरात म्हटलं ना, अपघातानंतर डॉक्टर बाहेर येऊन म्हणतात तो सूर. आई खरंच देवापुढं साखर ठेवून आली.

त्यानंतर घरात स्टॅबिलायझर आला. राखाडी लोखंडी डबा, पुढं काटा, लाल-हिरवे दिवे, आणि त्याचा तो आवाज, कट्ट. आत रिले, म्हणजे आपला आपण हलणारा स्विच, असतो, व्होल्टेज पडलं की ट्रान्सफॉर्मरची एक पायरी वर, चढलं की एक पायरी खाली, दर पायरीला कट्ट. रात्री फ्रीज सुरू झाला की कट्ट, गावातली गिरणी बंद झाली की कट्ट. आज्जीला तो घरात कुणीतरी सुपारी कातरत बसल्यासारखा वाटायचा. आम्ही समजायचो आता कशाचीच भीती नाही. ते चूक होतं. स्टॅबिलायझर सावकाश चढणाऱ्या-उतरणाऱ्या व्होल्टेजसाठी. विजेचा किंवा लाईनीतला झटका येतो आणि जातो तो मायक्रोसेकंदांत, आणि रिलेला हलायलाच त्याच्या शेकडो पट वेळ लागतो. चोर भांडी घेऊन वेशीबाहेर गेला तरी ह्याचं आपलं चप्पल कुठाय चप्पल कुठाय चाललंय.

पुण्यात आल्यावर मी शहाणी झाले आणि स्पाईक गार्ड, म्हणजे असले झटके अडवणारी सॉकेटची पट्टी, घेतला. नाव कसलं भारी आहे. लाल दिवा, चार सॉकेट, एक मोठं बटण. तीन वर्षं टीव्ही, राउटर, नवऱ्याचं गेमचं मशीन सगळं त्यावर. एकदा घरी इलेक्ट्रिशियन आला होता दुसऱ्याच कामाला, त्याला म्हटलं ह्याचं एक सॉकेट सैल झालंय बघ, त्यानं स्क्रू काढून मला आत दाखवलं. पितळेच्या दोन पट्ट्या, बटण, एक दिवा. संपलं. "मॅडम, ह्यात स्पाईक पण नाही आणि गार्ड पण नाही." मग त्यानं बॅगेतला दुसरा उघडून दाखवला, त्यात नाण्याएवढी एक निळी चकती, दोन पाय असलेली. खरी राखण ती करते. झिंक ऑक्साईडची असते ती, म्हणजे घामोळ्यावर लावायचं गुलाबी लोशन असतं ना, त्यातली पांढरी पावडर, तीच. भाजून चकती केली की एरवी ती करंटला वाट देत नाही, पण व्होल्टेज मर्यादेबाहेर गेलं की क्षणात दार उघडते आणि जास्तीचं सगळं स्वतःतून अर्थिंगकडं, म्हणजे जमिनीत जाणाऱ्या वायरीकडं, किंवा न्यूट्रलकडं ढकलते. दर वेळी थोडी झिजते. आणि एक दिवस संपते, आणि स्वस्तातल्या पट्टीत ती संपल्यावरही लाल दिवा मजेत चालू राहतो. मला हे फारच ओळखीचं वाटलं, पण जाऊ दे, तो वेगळा लेख होईल.

त्याच इलेक्ट्रिशियननं जाता जाता टेस्टर-बल्ब लावून बघितलं आणि सांगितलं की आमच्या हॉलमधल्या सॉकेटचं वरचं मोठं भोक, अर्थिंगचं, नुसतं शोभेचं आहे, मागं वायरच नाही. म्हणजे चकती असती तरी तिची अर्थिंगकडची वाट बंदच. तीन पिनांच्या प्लगची ती पिन मुद्दाम लांब असते, आधी लागावी आणि शेवटी सुटावी म्हणून, एवढा विचार कुणीतरी केलेला आणि आपण त्याला दोन पिनांचा कन्व्हर्टर लावून मोकळे. मी तो विषय बिल्डिंगच्या मीटिंगमध्ये काढला. पार्किंगपुढं त्याला कुणी विचारलं नाही.

गावाकडं मात्र अर्थिंग ठणठणीत. न्हाणीमागं खड्डा आहे, त्यात पत्रा, कोळसा, मीठ घालून बुजवलेला, वर पाईपचं तोंड. जमीन कोरडी पडली की अर्थिंग उपयोगाचं राहत नाही, म्हणून उन्हाळ्यात त्यात पाणी घालायचं असतं. आई रोज सकाळी तुळशीला पाणी घालते आणि तांब्यात उरलेलं त्या पाईपात ओतते. वीसेक वर्षं झाली. मध्यंतरी तिथं हळदीकुंकूही दिसलं, मी काही बोलले नाही.

मधे एकदा ऑक्टोबरमध्ये परतीच्या पावसानं मला पण धडा दिला. टीव्हीचा प्लग काढला होता पण मीटिंग चालू होती म्हणून राउटर तसाच. ब्रॉडबँड तेव्हा तांब्याच्या वायरीतून यायचं, गच्चीवरून गच्चीवर झोके घेत. कुठंतरी कडाडलं आणि राउटर गेला, लॅपटॉपचं लॅन पोर्ट पण गेलं, प्लगातून नाही तर त्या वायरीतून. अँटेनाची वायर आधी काढणारे अण्णा आठवले. आता फायबर आहे, काच, त्यातून करंट येत नाही, ॲडाप्टरमधून मात्र येतोच.

आणि त्यात आता अण्णांच्या फोनमध्ये दामिनी ॲप आहे, पुण्याच्या आयआयटीएम ह्या हवामान संशोधन संस्थेनं काढलेलं, आसपास वीस-चाळीस किलोमीटरमध्ये वीज पडत असली तर दाखवतं. माणसाचे जीव वाचावेत म्हणून आहे ते, शेतात असलेल्या लोकांसाठी फार चांगलं आहे. आमच्याकडं त्याचा वापर मला फोन करायला होतो. आधी आभाळ आल्यावर यायचा, आता आभाळ यायच्या आधी येतो.

ह्या मे मध्ये मी ठरवून गावी जाताना मेन बोर्डात बसवायचं सर्ज प्रोटेक्टर, म्हणजे अख्ख्या घरासाठी तसलीच झटके अडवणारी चकती, घेऊन गेले. गावातल्या वायरमनला बोलावलं, त्यानं मेन बंद करून एमसीबीच्या शेजारी बसवलं, हिरवी वायर अर्थिंगला जोडली, आणि अण्णांना समजावलं, की ही छोटी खिडकी हिरवी आहे तोवर ठीक, लाल झाली की आतली चकती संपली, मग मेन बंद करून हा तुकडा असा ओढून काढायचा आणि नवीन बसवायचा. काढून दाखवला, परत बसवला. अण्णांनी चष्मा लावून नीट बघितलं. मग मला विचारलं, "म्हणजे आता प्लग काढायला नकोत?" मला खोटं बोलता आलं असतं. पण लांबची वीज, लाईनीतले झटके हे सांभाळेल, अगदी घराशेजारी पडली तर हजारो ॲम्पिअर असतात हो अण्णा, ह्याचंही काही चालणार नाही, शिवाय न्यूट्रल तुटून तशीच राहिली तर ही चकतीच तापून जाईल, असं सगळं सांगितलं. "मग काढायचेच," ते म्हणाले. आवाजात नाराजी अजिबात नव्हती.

पुण्याला परत आल्यावर आठवड्याभरात फोन. ह्या वेळी अण्णांचाच.

"मोठा पाऊस झाला गं. सगळे प्लग काढले होते. मेन पण बंद केला."

"आणि ते नवीन बसवलेलं? खिडकी हिरवी आहे ना?"

"हिरवी म्हणजे काय, एकदम हिरवी. वीज चमकायला लागल्याबरोबर तो तुकडा ओढून काढला आणि कपाटात ठेवला. एवढी महागाची वस्तू, जळली बिळली तर?"