लांब दांड्याचा चेनसॉ: खटका दाबण्याआधीचे काम

शिडीवर उभे राहून, एका हाताने फांदीचा आधार घेत दुसऱ्या हाताने करवत चालवण्याचे काम मी बरीच वर्षे केले आहे. त्यामुळे बॅटरीवर चालणारा लांब दांड्याचा चेनसॉ, ज्याला बहुतेक जण पोल सॉ म्हणतात, घरात आला तेव्हा आता पाय जमिनीवर ठेवून काम करता येईल याचाच मला सर्वांत जास्त आनंद झाला. शिडी सुटली ही मोठीच गोष्ट आहे. मात्र दांड्यामुळे आपल्यात आणि फिरणाऱ्या चेनमध्ये जे अंतर पडते, ते आपल्यात आणि पडणाऱ्या फांदीत पडतेच असे नाही, हे मला पहिल्या काही दिवसांतच कळून चुकले. म्हणूनच या यंत्राची जी काळजी घ्यायची, तिचा बराचसा भाग खटका दाबण्याआधीच उरकावा लागतो, असे माझे ठाम मत झाले आहे.

जोडणीला बसताना मी सर्वप्रथम बॅटरी काढून टेबलाच्या दुसऱ्या टोकाला ठेवते. पेट्रोलवरचे यंत्र चालू असेल तर कानाला कळते. बॅटरीवरचे यंत्र मात्र खटका सोडला की अगदी गप्प होते आणि बंद पडल्यासारखे दिसते, तरीही बॅटरी आत असेल तर ते क्षणात फिरायला तयार असते. चेन बसवताना, ताण जुळवताना, भुसा साफ करताना आणि यंत्र एका जागेवरून दुसरीकडे नेताना बॅटरी बाहेरच असली पाहिजे. चेन स्थिर असली तरी तिचे दाते बोट कापू शकतात, म्हणून जोडणीच्या वेळीही हातमोजे घालावेत.

चेन बसवणे हा जोडणीतला सर्वांत महत्त्वाचा भाग आहे आणि तो घाईने करण्यासारखा मुळीच नाही. बाजूचे झाकण काढले की आत छोटे दातेरी चक्र दिसते. बारच्या, म्हणजे चेन जिच्याभोवती फिरते त्या चपट्या धातूच्या पट्टीच्या, कडेने जी खाच असते, तिच्यात चेनचे आतल्या बाजूचे टोकदार दुवे बसतात आणि मागे तेच दुवे या चक्राच्या दात्यांत अडकतात. बारच्या वरच्या कडेवर कापणाऱ्या दात्यांची धार बारच्या टोकाकडे, म्हणजे आपल्यापासून दूर, वळलेली असली पाहिजे. बहुतेक यंत्रांवर ही दिशा दाखवणारे छोटे चित्र असते. चेन उलटी बसली तर यंत्र चालते, आवाजही नेहमीसारखाच येतो, पण लाकूड कापले जाण्याऐवजी घासले जाते, धूर येऊ लागतो, आणि चालवणारा नकळत जोर लावू लागतो. उंचावर, हात ताणलेले असताना असा जोर लावणे धोक्याचे आहे.

ताण जुळवणारी एक छोटी खुंटी बारमधल्या भोकात बसावी लागते. पहिल्यांदा जोडणी करताना ही खुंटी भोकात न बसताच मी झाकणाचा नट आवळला होता. वरून सगळे व्यवस्थित दिसत होते, पण ताणाचा स्क्रू कितीही फिरवला तरी चेन ढिलीच राहत होती, आणि ते न पाहता मी यंत्र चालवले असते तर पहिल्याच फांदीवर चेन बारवरून उतरली असती. तेव्हापासून झाकण लावण्याआधी मी बार किंचित मागेपुढे हलवून खुंटी खरोखर अडकली आहे का ते पाहते. त्यानंतर नट फक्त बोटाने आवळायचा, बारचे टोक वर उचलून धरायचे, स्क्रू फिरवून चेन ताणायची आणि टोक तसेच वर धरून नट पक्का करायचा. ताण योग्य असेल तर बारच्या खालच्या बाजूला चेन लोंबत नाही, मोजे घातलेल्या हाताने ती सहज पुढे सरकते, आणि मधोमध उचलली तर साधारण 3 मिमी उचलली जाऊन सोडताच जागेवर बसते. नवी चेन पहिल्या काही कापांतच सैल होते, म्हणून तिचा ताण वारंवार तपासावा. तापलेली चेन लांबलेली असते. ती त्याच अवस्थेत आवळून तशीच ठेवली तर थंड झाल्यावर आखडते आणि बारवर व चक्रावर अनावश्यक ताण आणते. ताण नेहमी चेन थंड झाल्यावर जुळवावा.

तेलाशिवाय चेन चालवू नये. नव्या यंत्राची तेलाची टाकी बहुतेक वेळा रिकामीच असते. चेनसाठी मिळणारे तेल चिकट असते, त्यामुळे ते वेगातही बारला धरून राहते. वापरलेले इंजिन ऑइल घालण्याचा मोह टाळावा. टाकी भरल्यावर बारचे टोक फिकट रंगाच्या पुठ्ठ्यापासून साधारण 20 सेंमी अंतरावर धरून यंत्र काही क्षण चालवले तर पुठ्ठ्यावर तेलाची बारीक रेघ उमटते. ही रेघ उमटली नाही तर तेलाची वाट तुंबलेली आहे असे समजावे. काही यंत्रांत तेल आपोआप जात नाही, ते हाताने सोडावे लागते. आपले यंत्र कोणत्या प्रकारचे आहे हे पुस्तिकेत आधीच पाहून ठेवलेले बरे.

दांड्याचे भाग जोडताना प्रत्येक सांध्याची कडी पूर्ण बसली आहे का ते ओढून पाहावे. काम जितक्या लांबीत होईल तितकाच दांडा ठेवावा, कारण प्रत्येक वाढीव भागाबरोबर टोकाचे वजन हातांना अधिक जड होते आणि बारवरचा ताबा कमी होतो. हेल्मेट, डोळे नीट झाकणारा चष्मा, कानांचे संरक्षण, न घसरणारे बूट आणि अंगासरशी बसणारे कपडे यांत कसलीही सवलत घेऊ नये. वर पाहून काम करताना भुसा थेट चेहऱ्यावरच येतो.

आता जागेविषयी. यंत्र हातात घेण्यापूर्वी मी झाडाभोवती एक फेरी मारून वर पाहते. विजेच्या तारा जवळ असतील तर तिथे पोल सॉ वापरायचाच नाही. पुस्तिकांमध्ये किमान 10 मीटर, काहींत 15 मीटर अंतर सांगितलेले असते, आणि दांड्याला मऊ मूठ असली म्हणून तो विजेपासून संरक्षण देत नाही. इतर माणसे आणि जनावरे 15 मीटरच्या आत नसावीत. त्यानंतर फांदी नेमकी कुठे पडेल याचा अंदाज घ्यावा. 3 मीटर लांबीचे यंत्र जमिनीशी 60 अंशांच्या कोनात धरले तर बार आपल्यापुढे फक्त दीड मीटरवर असतो, आणि कोन जसजसा वाढतो तसतसे हेही अंतर आटत जाते. म्हणूनच 60 अंशांपेक्षा जास्त उभा दांडा धरू नये. ओल्या लाकडाची 15 सेंमी जाडीची आणि अवघी 1 मीटर लांबीची फांदी सहज 15 किलो भरते, हे एकदा मनावर ठसले की फांदीच्या बरोबर खाली उभे राहण्याचे धाडस होत नाही. शिडीवर चढून तर पोल सॉ कधीही वापरू नये.

प्रत्यक्ष कापताना दोन्ही हात दोन्ही मुठींवर हवेत आणि यंत्र शरीराच्या थोडे एका बाजूला हवे. चेन पूर्ण वेगात आल्यावरच ती लाकडाला टेकवावी. बारच्या मागे जो छोटा आधार असतो, तो फांदीला टेकवून वरून खाली कापले की चेन यंत्राला फांदीकडे ओढून घेते आणि बार स्थिर राहतो. खालून वर कापताना ती यंत्राला आपल्याकडे ढकलते, त्यामुळे तेव्हा पकड अधिक घट्ट ठेवावी लागते. बारच्या टोकाचा वरचा भाग दुसऱ्या फांदीला लागला तर यंत्र अचानक उसळते, म्हणून आजूबाजूच्या बारीक डहाळ्या आधी काढाव्यात.

जाड फांदी एका कापात काढू नये. खोडापासून साधारण 30 सेंमीवर आधी खालून जाडीच्या एक चतुर्थांश ते एक तृतीयांशापर्यंत कापावे, मग त्याच्या थोडे बाहेर वरून कापून फांदी पाडावी, आणि उरलेला ठोंबा खोडाजवळच्या फुगीर कड्याच्या बाहेरून काढावा. खालचा काप नसेल तर फांदी पडताना साल थेट खोडापर्यंत सोलत जाते, आणि तो फुगीर कडा कापला गेला तर झाडाची जखम नीट भरून येत नाही. लांब फांदी शेंड्याकडून तुकड्यातुकड्याने कमी करत यावे. एकदा कंटाळून मी साधारण अडीच मीटर लांबीची फांदी सबंध पाडली. तिचा शेंडा आधी जमिनीला टेकला, आणि त्याच क्षणी वरचा जाड बुंधा हवेत वळून मी उभी होते त्या दिशेला आला. मी दोन पावले मागे सरकले आणि तो माझ्या बुटांपासून हातभर अंतरावर आपटला. मला मागे सरकता आले, कारण तिथे पसरलेली पाण्याची नळी माझ्या धाकट्या भावाने दहा मिनिटांपूर्वीच उचलून बाजूला केली होती.

बार फांदीत अडकला तर ओढाताण करू नये. खटका सोडावा, बॅटरी काढावी, आणि कुणाला तरी बाजूने दोरीने फांदी ओढायला सांगून काप उघडल्यावर बार सरळ बाहेर घ्यावा. बॅटरी बहुतेक यंत्रांत मागच्या मुठीजवळच असल्यामुळे हे अवघड जात नाही. मान आणि खांदे दुखू लागण्याआधीच थांबावे. मी तीन-चार फांद्यांनंतर यंत्र खाली ठेवते, आणि त्या विश्रांतीत चेनचा ताण व टाकीतले तेल पाहून घेते. पावसात किंवा वाऱ्यात काम करू नये.

काम संपल्यावर बारवर आवरण चढवून, झाकणाखालचा भुसा ब्रशने काढून यंत्र आडवे ठेवावे. ठेवलेल्या यंत्रातून थोडे तेल पाझरते, तो काही दोष नव्हे. मी बारखाली जुना पुठ्ठा ठेवते. बॅटरी बरेच दिवस लागणार नसेल तर साधारण अर्धी भरलेली, थंड आणि कोरड्या जागी, यंत्रापासून वेगळी ठेवावी. पुढच्या वेळी यंत्र काढले की पुन्हा चेनचा ताण, टाकीतले तेल आणि दांड्याचे सांधे, या क्रमाने पाहून मगच बॅटरी आत घालावी, आणि फांदीला हात घालण्याआधी तेलाची रेघ पाहावी.